पंचवीस हजारांचा कागद

पत्र

मॅडम, जय भीम. हे पत्र पोरीच्या हातानं लिहून घेतलं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. आमचे घरचे चार वर्षं जुन्या बॅटऱ्यांच्या भट्टीवर कामाले होते. बॅटऱ्या फोडाच्या, शिसं वितळवून साच्यात ओताचं. वय चाळीस. हप्त्याचे तीन हजार ठेकेदार द्याचा, कधी हातात, कधी फोनवर. दोन वर्षांपासून पोट दुखाचं, संडास साफ नाही, गावातले डॉक्टर गॅसच्या गोळ्या देत. मंग उजवा पंजा मनगटातून लोंबाले लागला. पेला हातातून सुटते. दसऱ्याले दीक्षाभूमीवरून आले अन् दुसऱ्या दिवसापासून कामावर गेलेच नाही. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं त शिसं ७८ निघालं. शेठ म्हणते पंचवीस हजार घ्या अन् पाचशेच्या स्टॅम्पवर सही करा, नाही त तेही भेटणार नाही. ठेकेदार म्हणते, तू आमच्याकडे होता याचा पुरावा काय? आणखी चार जण गावातलेच तिथं आहेत, ते म्हणतात आमची रोजी घालवू नका. सासूबाईनं यांचं ताट-पेला वेगळं केलं. पोरगा सात वर्षांचा आहे, त्याले यांच्या ताटात जेवू देऊ का?

उत्तर

जय भीम ताई. सही करू नका. बाकी सगळं यानंतर.

तो स्टॅम्प पेपर घाबरवायला आणलेला आहे. ज्या कायद्याखाली तुमच्या घरच्यांना भरपाई मिळते तो १९२३ चा, कामगार नुकसानभरपाईचा. भरपाईचा हक्क सोडून दिला असं कामगाराने लिहून दिलं तरी तो करार रद्दबातल, असं त्याच्या सतराव्या कलमात स्पष्ट आहे. म्हणजे उद्या कोणी दमदाटी करून अंगठा घेतलाच, तरी रडत बसायचं कारण नाही. पण मुद्दाम सही करूही नका, कारण मग शेठचा वकील तोच कागद दोन वर्षं न्यायालयात नाचवेल. रक्कम घ्यायची वेळ आलीच, तर तो करारनामा भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. रक्कम कमी आहे किंवा फसवून ठरवली आहे असं दिसलं तर ते नोंदणी नाकारू शकतात. आपल्या जिल्ह्यांमध्ये हे काम बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालय बघतं.

आता पंचवीस हजार नक्की कशाचे, ते बघू. कायद्याचं सूत्र असं: माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला, तर महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला एक आकडा. चाळीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा १८४.१७ आहे. तुमच्या घरच्यांची मजुरी महिना १२,००० धरली तर त्याचे ६० टक्के ७,२००, आणि गुणाकार १३,२६,०२४ रुपये. पूर्ण निकामी नाही, पण कमाईची ताकद ४० टक्के गेली असं ठरलं, तरी पाच लाख तीस हजारांच्या वर जातं. शेठने हा गुणाकार कधीच केला नसेल असं मला वाटत नाही. शिवाय दवाखान्याचा झालेला खर्च वेगळा. रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. हा दंडही कामगारालाच मिळतो.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे लोक मार खातात. अपंगत्वाचा दाखला आणि ‘कमाईची ताकद किती गेली’ याचा दाखला, हे दोन वेगळे कागद आहेत. एसटीच्या सवलतीसाठी काढतो तो दाखला हाताची हालचाल मोजतो. भरपाईला लागतो तो दाखला हा माणूस आता कोणतं काम करून किती कमावू शकेल ते सांगतो. ज्याचं पोट हातावर आहे आणि पंजा उचलत नाही, त्याच्यासाठी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पन्नास वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचं प्रकरण आलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. मालक म्हणत होता, एकच हात गेला, म्हणजे अर्धवट नुकसान. न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण नुकसान. तुमच्या डॉक्टरांना नम्रपणे सांगा: दाखल्यावर कामाचं वर्णन लिहा, बॅटरी फोडणं, ओतकाम, वजन उचलणं, आणि त्यासमोर टक्केवारी लिहा.

पण हा दाखला आज घाईने काढू नका. शिशाने लोंबलेला पंजा उपचाराने बराच सुधारूही शकतो. तोपर्यंत तात्पुरत्या अपंगत्वाची भरपाई मागता येते: दर पंधरा दिवसांनी महिन्याच्या मजुरीचे २५ टक्के. तुमच्या हिशोबात पंधरवड्याला ३,०००, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत. घर चालायला हे आधी मागा.

आता ठेकेदाराचा प्रश्न, ‘पुरावा काय?’ त्याला वाटतं मस्टरवर नाव नाही म्हणजे माणूसच नाही. तर पहिली गोष्ट, फोनवर आलेले पैसे. ज्या नंबरवरून हप्ते आले त्याचे चार वर्षांचे व्यवहार बँकेतून छापून घ्या, पासबुकात नोंद होईल तेवढी करून घ्या. फोन बदलू नका, विकू नका, त्यातले ठेकेदाराचे ‘उद्या गाडी येनार लवकर ये’ असले मेसेज तसेच राहू द्या. मग भट्टीवर माल घेऊन येणाऱ्या ट्रकचे ड्रायव्हर, काटा पावतीवर सही केली असेल तर ती पावती, रस्त्यावरच्या चहाटपरीवाल्याची उधारीची वही. मी एका प्रकरणात माणूस कामावर होता हे खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या पुड्यांच्या, उधारीवरून शाबीत होताना पाहिलंय. टपरीवाल्याने वहीत ‘भट्टीवाला’ असंच नाव लिहून ठेवलं होतं, रोजचे दोन पुडे, तीन वर्षं.

खर्र्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. शेठचा वकील तुमच्या घरच्यांना विचारणार: खर्रा खाता का, हात धुऊन खाता का? खाल्ला असेल तर खरं सांगायचं. शिशाची पूड हाताला लागते आणि खर्र्याबरोबर तोंडात जाते, हे खरंच आहे. पण त्याने भरपाई बुडत नाही. कामाच्या ठिकाणी हात धुवायला पाणी, साबण, जेवायला वेगळी जागा नव्हती हेच त्यातून उलट दिसतं. दुसरं, ते ‘वैद्याची भस्मं खात होता’ असंही म्हणतील. नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म. तेव्हा पोटदुखीवर कोणी गावठी पुडी देत असेल तर ती आजपासून बंद, तब्येतीसाठीही आणि खटल्यासाठीही.

शिशाबद्दल कायदा कामगाराच्या बाजूने एक मोठी गोष्ट करतो. व्यवसायातून होणाऱ्या रोगांची यादी त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि तिचे भाग आहेत. शिशापासून होणारा आजार पहिल्या भागात. पहिल्या भागातल्या रोगाला नोकरीची किमान मुदत लागत नाही, आणि आजार कामामुळेच झाला असं धरलं जातं. नाही म्हणायचं असेल तर मालकाने शाबीत करायचं. भंडारा-नागपूर पट्ट्यात मँगनीजच्या खाणीत काम करणारे वाचक असतील, त्यांच्यासाठी: मँगनीज, पारा, आर्सेनिक, कॅडमियम हे दुसऱ्या भागात येतात आणि तिथे त्याच मालकाकडे सलग सहा महिने काम झालेलं असावं लागतं. आणखी एक, पहिल्याच भागात फॉस्फरसच्या कीटकनाशकांची विषबाधाही आहे. २०१७ साली यवतमाळात कपाशीवर फवारताना माणसं गेली तेव्हा सगळी चर्चा ‘मास्क का नाही बांधला’ यावरच झाली. मजूर म्हणून दुसऱ्याच्या शेतात फवारणाऱ्यांसाठी हा मार्ग होता, हे किती घरांना कोणी सांगितलं असेल कोण जाणे.

ठेकेदार आणि शेठ एकमेकांकडे बोट दाखवतील. दाखवू द्या. काम शेठच्या धंद्याचं असेल तर भरपाई शेठकडून मागता येते, मग तो ठेकेदाराकडून वसूल करो न करो. अर्जात दोघांचीही नावं घाला. ‘आमच्याकडे दहा माणसं नाहीत, आम्ही कारखानाच नाही’ हेही ऐकाल. भट्टीला विजेवर चालणारा ब्लोअर असेल तर भरपाईच्या कायद्याला माणसांची संख्या आडवी येत नाही. त्या ब्लोअरचं मीटर कोणाच्या नावावर आहे तेवढं मात्र बघून ठेवा.

मीटरवरून पुढचा मुद्दा, तोही महत्त्वाचा. या भट्ट्या रातोरात उठतात. आज तुमच्या शिवारात, पुढच्या उन्हाळ्यात तीस किलोमीटरवर, नाव दुसरं, शेठ तोच. निकाल लागेपर्यंत भट्टीच्या जागी तूर उभी असते. म्हणून आत्ताच त्या जागेचा सातबारा काढा, ग्रामपंचायतीने नाहरकत दिली का ते दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारा, येण्या-जाण्याच्या रस्त्यावरून फोटो काढून ठेवा. भरपाईची रक्कम थकली तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे तहसीलदाराकडून, आणि त्यासाठी शेठच्या नावावर काय आहे ते माहीत लागतं.

ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, तपासा. मजुरीतून कधी ईएसआय कापलं गेलं असेल किंवा कार्ड मिळालं असेल, तर भरपाई या कायद्याने नाही, राज्य कामगार विमा महामंडळाकडून मिळते, आणि तिथे अपंगत्वाचा लाभ मजुरीच्या नव्वद टक्क्यांच्या हिशोबाने असतो. दोन्हीकडून एकदम मिळत नाही. तुमच्या पत्रावरून तसलं काही कापलेलं दिसत नाही. पण शेठचा वकील हुशार असेल तर म्हणेल, ‘हा विमा लागू असलेला माणूस, इथे का आला?’ त्यावर एवढंच विचारा: मग नोंदणी का केली नाही, वर्गणी का भरली नाही?

दिवाणी दाव्याचाही रस्ता आहे, पण भरपाईचा अर्ज आणि दिवाणी दावा हे एकाच नुकसानीसाठी दोन्ही करता येत नाहीत. मी अर्जच करायला सांगेन. तिथे मालकाची चूक शाबीत करावी लागत नाही.

आता तारीख. कायद्याने आजार झाला तो दिवस म्हणजे आजारामुळे माणूस सलग गैरहजर राहू लागला तो पहिला दिवस. तुमच्या बाबतीत दसऱ्याचा दुसरा दिवस, ३ ऑक्टोबर २०२५. दसऱ्याला दीक्षाभूमीवर तुमच्याबरोबर गावातलं कोण होतं ते लिहून ठेवा, दिवस पक्का करायला त्याचा उपयोग होईल. तिथून दोन वर्षांत अर्ज पडायला हवा. उशीर झाला आणि कारण खरं असेल तर माफ करण्याची सोय आहे, पण त्यावर विसंबू नका. दरम्यान २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२३ चा हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. तुमचं प्रकरण त्याआधीचं, म्हणून हक्क जुन्या कायद्याने मोजला जावा असं माझं मत आहे. अर्जात मात्र दोन्हींचा उल्लेख असू द्या, म्हणजे ‘चुकीच्या कायद्याखाली आलात’ म्हणून परत पाठवता येणार नाही.

अर्जाआधी शेठला आणि ठेकेदाराला लेखी नोटीस द्या. साध्या मराठीत, एक पान: नाव, काम, किती वर्षं, आजार, रिपोर्टचा आकडा, कधीपासून घरी. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच गेलं आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती मागा. पाकीट न घेता परत आलं तर फोडू नका, तसंच ठेवा. नोटीस मिळाल्यावर शेठने आपल्या डॉक्टरकडे फुकट तपासणीला बोलावलं तर जा, नाकारलं तर हक्क तेवढ्यापुरता थांबतो. जाताना मूळ कागद द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची.

आणि रक्त. ताई, सगळ्यात घाई इथे आहे. काम सुटल्यावर रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. ते हाडांत जाऊन बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं, पण रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही. म्हणून काम सोडून सहा महिन्यांनी तपासलेल्या माणसाचा आकडा वीस-पंचवीस येतो आणि मालक म्हणतो, बघा, काही नाही. तुमच्याकडे ७८ चा रिपोर्ट आहे, तो सोन्यासारखा जपा, त्यावर तारीख आणि प्रयोगशाळेचं नाव आहे ना बघा. जागतिक आरोग्य संघटना रक्ताच्या डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की शिसं कुठून येतंय ते शोधा असं सांगते. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचं मेडिकल, जिथे उपचार चालू असतील तिथे शिसं उतरवण्याचं औषध सुरू करण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही रिपोर्ट मागून घ्या. रिपोर्टासाठी औषध मात्र एक दिवसही थांबवायचं नाही. डॉक्टरांना आणखी एक विनंती करा. शिशाची बाधा झालेला कारखान्यातला रुग्ण आला, तर डॉक्टरने मुख्य कारखाने निरीक्षकाला कळवायचं, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच होतं आणि नव्या कामगार संहितांतही आहे. सहसा कोणी कळवत नाही. त्यांनी कळवलं तर तुमच्या फायलीत एक सरकारी कागद आपोआप तयार होतो.

आता ते चार जण. तुम्ही याबद्दल एकच ओळ लिहिली, पण मला वाटतं तुमची झोप यानेच उडाली असावी. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार केली, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयात केली, तर भट्टी बंद होऊ शकते. जुन्या बॅटऱ्यांचं शिसं काढायला २०२२ च्या नियमांनी मंडळाकडे नोंदणी लागते, आणि शिवारातल्या अशा भट्टीकडे ती असेल अशी मला शंकाच आहे. मग गाव म्हणेल, हिच्यामुळे चार चुली विझल्या. ऐकून घ्यावं लागेल, ते टळणार नाही. माझा सल्ला क्रमाबद्दल आहे. तुमच्या घरच्यांची नोटीस आणि अर्ज आधी. त्याच वेळी त्या चौघांना एकदा दवाखान्यात घेऊन जा, फक्त रक्त द्यायला. आकडा हातात आल्यावर माणूस वेगळं बोलतो. त्यांचे रिपोर्ट झाले की मग तक्रार. आधी धाड पडली तर शेठ भट्टी हलवेल आणि चौघांच्या हातात ना काम राहील ना पुरावा. त्यांनी रिपोर्टला नाहीच म्हटलं, तर त्यांच्यासाठी तुम्ही थांबायचं नाही. धुराने शेजाऱ्यांची विहीर किंवा जनावरं बाधली असतील तर त्यांना पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे पाच वर्षांच्या आत जाता येतं, पण ती त्यांची लढाई, तुमच्या अर्जात मिसळू नका.

पोलिसांत जायचं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण गावात कोणीतरी सुचवेलच. विषारी पदार्थाच्या बाबतीत बेपर्वाई हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. जा हवं तर. पण भरपाईचा पैसा त्या रस्त्याने येत नाही, आणि ठाण्यात ‘आपसात मिटवून घ्या’ म्हणून तोच पंचवीस हजारांचा कागद पुन्हा पुढे येण्याची शक्यता मला जास्त दिसते.

वकिलाचे पैसे तुमच्याकडे नसणार. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. औद्योगिक कामगाराला, महिलेला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. मिळालेला वकील तारखेला येत नसेल तर बदलून मागा, लाजायचं नाही. कायदा म्हणतो असा अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावा. तुम्ही मात्र जास्त वेळ धरून चला, आणि प्रत्येक तारखेला घरातलं कोणी ना कोणी हजर राहा.

शेवटचं, ताटाचं. शिशाची बाधा हा लागट रोग नाही. श्वासातून, उष्ट्यातून, एका पेल्यात पाणी पिऊन तो कोणाला होत नाही. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा आणि ताट परत एकत्र करा. घरात आलं असेल तर ते कपड्यांतून. चार वर्षं त्याच कपड्यांनी घरी यायचे, पोरगा धावत येऊन मांडीवर बसायचा, असं असेल ना? ते कपडे-चपला वेगळ्या पिशवीत बांधून पोराच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, टाकू नका, वकिलाला विचारल्याशिवाय धुऊही नका. घर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. आणि पुढच्या खेपेला दवाखान्यात जाल तेव्हा पोराला आणि पोरीलाही बरोबर न्या, दोघांचं रक्त तपासून घ्या. तोवर पोराला त्यांच्याच ताटात जेवू द्या. जेवायच्या आधी दोघांचे हात साबणाने धुवा. त्यांचा उजवा हात उचलत नसेल तर पोरगाच धुऊन देईल.